मागच्या काचेवरच्या रेघा : दिल्लीचे धुके, चांदीचा लेप आणि बारा व्होल्ट

डिसेंबरचा उत्तरार्ध सुरू झाला की दिल्लीच्या धुक्याची बातमी राष्ट्रीय होते. विमाने उशिरा उतरतात, रेल्वेगाड्या रखडतात, द्रुतगती मार्गांवर वाहने एकमेकांवर आदळतात. या धुक्याचा शास्त्रीय माग काढण्याचे मोठे काम महाराष्ट्रातील एका संस्थेकडे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यात दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर ‘वायफेक्स’ हा हिवाळी धुक्याचा प्रयोग सुरू केला. भारतीय हवामान विभाग आणि नोएडा येथील राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान पूर्वानुमान केंद्र त्यात सहभागी आहेत. पुढे निरीक्षणाचे जाळे नोएडाजवळील जेवर आणि हरियाणातील हिसार येथपर्यंत वाढले. २०२५ मध्ये या प्रयोगाला दहा वर्षे पूर्ण झाली.

मात्र दिल्लीच्या हिवाळ्यात आणखी एक धुके असते. ते काही मिलिमीटर जाडीच्या काचेच्या आतल्या अंगावर धरते आणि कोणत्याही वेधशाळेच्या नोंदीत येत नाही. पहाटे आझादपूरच्या मंडईकडे भाजी घेऊन निघालेल्या पिकअपचा चालक या दोन्ही धुक्यांशी एकाच वेळी झुंजत असतो. बाहेरच्या धुक्यावर त्याच्या हाती उपाय नाही. आतल्या धुक्यावर आहे. मागच्या काचेवर आडव्या आखलेल्या तपकिरी रेघा, एक रिले, एक फ्यूज आणि एक स्विच, एवढाच तो उपाय. दिसायला क्षुल्लक अशा या उपायामागे दोनशे वर्षांचे विज्ञान आहे, आणि त्याचा काही भाग तळेगाव, ओगलेवाडी, तळोजा आणि बावल या गावांतून जातो.

दवाचा प्रश्न

काच धूसर का होते, या प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर मोटारीच्या जन्माआधी सत्तर वर्षे मिळाले. दव आकाशातून पडते की जमिनीतून वर येते, असा वाद विद्वानांत शतकानुशतके चालला होता. लंडनमधील वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स यांनी बागेत रात्रीच्या वेळी वजन केलेले लोकरीचे पुंजके ठेवले, सकाळी ते पुन्हा तोलले आणि उघड्या व झाकलेल्या जागांतील फरक नोंदवला. १८१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दवावरील निबंधाचा निष्कर्ष असा की, निरभ्र रात्री वस्तू आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करतात, भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतात आणि त्यांच्या पृष्ठभागाला लागलेल्या हवेतील बाष्प त्यांच्यावर जमते. दव पडतही नाही, वर येतही नाही; ते जागच्या जागी तयार होते.

दिल्लीचे धुके याच तत्त्वाचा विस्तार आहे. हिवाळ्यात गंगेच्या मैदानावर वारा मंदावतो, पश्चिमी विक्षोभ ओलावा आणतात, ओलिताखालील शेतजमीन त्यात भर घालते. रात्री जमीन उत्सर्जनाने थंड होते आणि तिला लागून असलेला हवेचा थर दवबिंदूपर्यंत खाली येतो. मग बाष्प गवतावर न थांबता हवेतच थेंबांच्या रूपाने साकळते. मात्र हवेत थेंब बनण्यासाठी त्याला बसायला सूक्ष्म कण लागतात. स्कॉटलंडचे जॉन एटकिन यांनी १८८० मध्ये प्रयोगांती दाखवले की, धूळ नसलेल्या हवेत बाष्प संपृक्त झाले तरी धुके सहजी बनत नाही. दिल्लीच्या हवेत अशा कणांची वाण नाही. आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी आंतरराष्ट्रीय सहकाऱ्यांसह २०२१ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, हवेतील क्लोराइड आणि अमोनिया यांच्या संयोगातून बनणारे कण पाणी मोठ्या प्रमाणात शोषून घेतात आणि दिल्लीची दृश्यता कमी करतात.

काचेला मात्र अशा कणांची गरज नसते. तिचा पृष्ठभागच थेंबांना आधार देतो. त्यामुळे हवेत धुके नसतानाही काच धूसर होऊ शकते.

बंद केबिनचे गणित

दिल्लीतील प्रदूषणाचा आणि धूसर काचेचा थेट संबंध आहे, तो सहसा कोणी मांडत नाही. बाहेरची हवा घुसमटवणारी असल्याने चालक खिडक्या वर करतो आणि हवा आतल्या आत फिरवणारे बटण दाबून ठेवतो. धूर बाहेर राहतो, पण श्वासातील बाष्प आत कोंडले जाते.

हा हिशेब कोणत्याही विद्यार्थ्याला करून पाहता येईल. बाहेर ६ अंश सेल्सिअस तापमानाची संपृक्त हवा आहे असे समजू. तिच्या एका घनमीटरात सुमारे ७.३ ग्रॅम बाष्प असते. पिकअपच्या केबिनचे आकारमान अडीच घनमीटर धरले, तर सुरुवातीला आत सुमारे १८ ग्रॅम बाष्प असेल. बसलेला माणूस श्वास आणि त्वचा यांवाटे ताशी साधारण ४० ते ५० ग्रॅम पाणी बाहेर टाकतो. म्हणजे चालक आणि त्याचा सोबती मिळून ताशी ९० ग्रॅमच्या आसपास. आता काचेचा आतला पृष्ठ ८ अंशांवर असेल, तर त्याला लागलेली हवा घनमीटरामागे ८.३ ग्रॅमहून अधिक बाष्प धरू शकत नाही. ही मर्यादा गाठायला केबिनमध्ये अवघ्या अडीच-तीन ग्रॅम बाष्पाची भर पुरते. दोन माणसांच्या श्वासाला त्यासाठी पाच मिनिटेही लागत नाहीत.

फडक्याने काच पुसली तर ती पुन्हा धूसर होते, कारण पुसण्याने पाणी जाते पण काचेचे तापमान तेच राहते. साबण, तंबाखू किंवा कापलेला बटाटा काचेवर चोळण्याची जुनी युक्ती चालकांमध्ये रूढ आहे. ती काही काळ उपयोगी पडते. अशा पदार्थांमुळे पाण्याचे सुटे थेंब न बनता सपाट थर बनतो आणि त्यातून प्रकाश कमी विखुरला जातो. थेंब बनूच द्यायचे नसतील, तर दोनच मार्ग उरतात. हवा कोरडी करायची, किंवा काच तिच्या दवबिंदूच्या वर नेऊन ठेवायची. पहिले काम वातानुकूलन यंत्र करते, दुसरे काम हीटर.

पुढच्या काचेला इंजिनाची उष्णता सोयीची पडली. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातील उष्णता पंख्याने काचेवर सोडणे सोपे होते, कारण दोन्ही शेजारी होते. मागची काच इंजिनापासून सर्वांत दूर. तिथे गरम हवेची नळी नेणे खर्चिक आणि अवघड. शिवाय पुढच्या काचेवर रेघा आल्या तर चालकाच्या नजरेला अडथळा होतो. मागच्या काचेवर तो चालून जातो. म्हणून विजेचा हीटर मागच्या काचेच्या वाट्याला आला.

उष्णता माहीत होती, वीज कमी होती

तारेतून वीज वाहिली की तार तापते, आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणात असते, हे जेम्स जूल यांनी १८४० मध्ये प्रयोगाने दाखवले. मोटार रस्त्यावर आली तेव्हा हे ज्ञान जुने झाले होते. तरीही काचेवरचा विद्युत हीटर सर्वसाधारण मोटारींत यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. त्याची कारणे काचेत जेवढी होती, तेवढीच बॅटरीतही होती.

आरंभीच्या मोटारी हाताने दांडा फिरवून सुरू होत. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत आरंभक आला आणि त्याबरोबर बॅटरी व जनित्र हे मोटारीचे कायमचे भाग झाले. पुढे कित्येक दशके बहुतेक अमेरिकी मोटारींत सहा व्होल्टची व्यवस्था होती. १९५० च्या दशकाच्या मध्यास ती बारा व्होल्टकडे वळली. हा बदल हीटरच्या दृष्टीने निर्णायक आहे. १२० वॅट शक्तीसाठी सहा व्होल्टवर २० अँपिअर लागतात, बारा व्होल्टवर १०. प्रवाह निम्मा झाला की त्याच तारेत वाया जाणारी उष्णता चौथाईवर येते.

दुसरी अडचण डायनॅमोची होती. इंजिन मंद गतीने फिरत असताना जुना डायनॅमो पुरेशी वीज देत नसे; दिवे, हॉर्न आणि वायपर यांनाच ती कशीबशी पुरत असे. धुक्यात अडकलेले वाहन नेमके मंद गतीनेच चालते. सिलिकॉन डायोड स्वस्त झाल्यावर अल्टरनेटर मोटारीत बसवणे शक्य झाले. १९६० ची क्रायस्लर व्हॅलियंट ही त्याचा वापर करणाऱ्या आरंभीच्या मोटारींपैकी एक. मंद गतीतही वीज मिळू लागली आणि मगच काचेवर शंभर-दीडशे वॅट खर्च करण्याची चैन परवडू लागली.

विमानांनी हा प्रश्न आधी सोडवला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील पिट्सबर्ग प्लेट ग्लास कंपनीने काचेवर कथिलाच्या ऑक्साइडचा पारदर्शक, विद्युतवाहक थर चढवलेली ‘नेसा’ काच तयार केली. उंचावर गोठणाऱ्या वैमानिकांच्या खिडक्या तिने मोकळ्या ठेवल्या. पण ती मोटारीच्या किमतीत बसणारी नव्हती. मोटारीला स्वस्त, टिकाऊ आणि कारखान्यात झटपट छापता येईल असा मार्ग हवा होता.

काच आणि चांदी

तो मार्ग चांदीच्या लेपाने मिळाला. काचेवर छापलेल्या तापरेघांचे श्रेय सहसा जर्मन अभियंता हाइन्झ कुनर्ट यांना दिले जाते. चांदीची बारीक पूड, कमी तापमानाला वितळणारी काचेची भुकटी आणि तेलकट माध्यम यांचा लेप जाळीच्या छपाईने काचेवर आखतात. मग काच सुमारे ६५० अंशांपर्यंत तापवतात. माध्यम जळून जाते, काचेची भुकटी वितळते आणि चांदी काचेला पक्की धरून बसते.

या पद्धतीची खरी खुबी अशी की, ही भट्टी वेगळी लागत नाही. मोटारीची मागची काच एरवीही याच तापमानाला तापवून, थंड हवेच्या झोतांनी एकदम निववून कडक केली जाते. तापलेली काच झपाट्याने निववून तिला बळ देण्याचा मार्ग फ्रान्सच्या द ला बास्ती यांनी १८७४ च्या सुमारास तेलाच्या कुंडाने दाखवला होता. शंभर वर्षांनी त्याच तापण्यात रेघाही भाजल्या जाऊ लागल्या. एकाच भट्टीत दोन कामे झाल्याने हीटरचा वाढीव खर्च उतरला.

या रेघा चांदीच्या असूनही तपकिरी दिसतात, कारण भाजताना चांदीचे काही आयन काचेत शिरतात आणि तिला पिवळसर-तपकिरी छटा देतात. युरोपातील चर्चच्या खिडक्यांवर पिवळा रंग चढवण्यासाठी चौदाव्या शतकाच्या आरंभापासून कारागीर हीच क्रिया वापरत आले आहेत. जाड पटलाच्या अशा धातुलेपांचे शास्त्र आज इलेक्ट्रॉनिक्समध्ये आणि सौर घटांत मध्यवर्ती आहे. पुण्याच्या सी-मेट या संस्थेतही त्यावर काम चालते.

आपल्याकडे हा इतिहास काचेच्या बाजूने सुरू होतो. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकी एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभे करण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले आणि १९०८ च्या सुमारास तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. तेथे तंत्रज्ञ म्हणून आले ते ईश्वरदास वार्ष्णेय. उत्तर भारतातील हा तरुण जपान आणि अमेरिकेतील एमआयटी येथे शिकून आला होता. पुढे ते उत्तरेकडे परतले आणि दिल्लीच्या पूर्वेस बहजोई येथे त्यांनी यू. पी. ग्लास वर्क्स उभारले. खिडक्यांची सपाट काच हे त्या कारखान्याचे वैशिष्ट्य ठरले. म्हणजे तळेगावच्या भट्टीत मिळालेला अनुभव गंगेच्या मैदानात खिडकीची काच होऊन गेला. इकडे साताऱ्यात १९१६ मध्ये ओगले बंधूंनी काचकारखाना सुरू केला. त्यांच्या प्रभाकर कंदिलाने घराघरांत स्थान मिळवले. ज्योतीची धग आणि बाहेरची थंडी एकाच वेळी सोसणारी कंदिलाची काच बनवणे म्हणजे उष्णता आणि काच यांच्या नात्याचा रोजचा धडा होता.

मोटारीच्या काचेचा अध्याय दिल्लीच्या परिसरात लिहिला गेला. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० च्या पहिल्या मोटारीची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. गुडगावचा कारखाना देशाच्या मोटारउद्योगाचे केंद्र बनू लागला. त्याला सुरक्षित काच पुरवण्यासाठी जपानच्या असाही कंपनीच्या आणि मारुतीच्या भागीदारीतून आजची असाही इंडिया ग्लास ही कंपनी उभी राहिली. हरियाणात रेवाडीजवळच्या बावल येथे तिने १९८७ मध्ये उत्पादन सुरू केले. बावल आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. कच्ची सपाट काच ज्या तरंगपद्धतीने बनते, म्हणजे वितळलेल्या कथिलावर काचेचा रस पसरवून, तिची घोषणा ब्रिटनच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये केली होती. रायगड जिल्ह्यातील तळोजा येथील तरंगकाचेचा कारखाना पुढे याच असाही इंडियाकडे आला.

जोडणीतील शहाणपण

आता पिकअपच्या मागच्या काचेकडे येऊ. तिचे क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर धरली, तर वजन सुमारे ४ किलोग्रॅम भरते. ती ८ अंशांवरून १५ अंशांवर न्यायला सुमारे साडेतेवीस किलोज्यूल लागतात. तिच्यावर ३ ग्रॅम पाणी धरले असेल, तर ते उडवायला आणखी साडेसात किलोज्यूल. एकूण ३१ किलोज्यूल. १२० वॅटचा हीटर हे काम, उष्णता कुठेच वाया गेली नाही असे मानले तर, सव्वाचार मिनिटांत करील. प्रत्यक्षात बाहेरच्या थंड वाऱ्याने काही उष्णता जातेच, म्हणून वेळ अधिक लागतो. अनेक मोटारींत हा हीटर दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होतो, त्यामागे हाच हिशेब आहे.

१२ व्होल्टवर १२० वॅट म्हणजे १० अँपिअर प्रवाह आणि १.२ ओहम रोध. काचेवर दहा रेघा असतील, तर प्रत्येकीचा रोध १२ ओहम आणि प्रत्येकीतून १ अँपिअर. या दहाही रेघा दोन्ही कडांच्या रुंद पट्ट्यांना समांतर जोडलेल्या असतात. त्याच रेघा एकापुढे एक जोडल्या असत्या, तर एकूण रोध १२० ओहम झाला असता आणि हीटरची शक्ती अवघी १.२ वॅट उरली असती; शिवाय एक रेघ तुटली की सगळी काच थंड. समांतर जोडणीत एक रेघ तुटली तरी उरलेल्या नऊ पूर्वीइतक्याच तापतात. शाळेत शिकवलेला समांतर जोडणीचा नियम इथे डोळ्यांना दिसतो. हीटर चालू केल्यावर तुटलेल्या रेघेभोवतीचा पट्टा तेवढा धूसर राहतो.

दहा अँपिअर प्रवाह डॅशबोर्डवरच्या लहान बटणातून नेणे योग्य नसते, म्हणून रिले लागतो. लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करण्याची ही युक्ती एकोणिसाव्या शतकातील तारायंत्राची देणगी. दूरवरून आलेला क्षीण संदेश पुढच्या तारेत पुन्हा जोरकस करण्यासाठी ती वापरली जाई. मोटारीच्या रिलेवर छापलेले ३०, ८५, ८६ आणि ८७ हे आकडे जर्मन मानकातून आले आहेत. बॅटरीची धन तार फ्यूजमधून ३० वर येते, ८७ वरून काचेच्या एका पट्टीकडे जाते आणि दुसरी पट्टी गाडीच्या सांगाड्याला जोडून परतीचा मार्ग पूर्ण होतो. ८५ आणि ८६ ही रिलेतील वेटोळ्याची टोके. त्यांना बटणाचा लहान प्रवाह मिळतो. हा प्रवाह इग्निशनमधून घेतात, म्हणजे किल्ली काढली की हीटर बंद होतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली आढळत नाही. १० अँपिअरच्या भारासाठी १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळ बसवतात. तो जवळच का, तर फ्यूज आपल्या पुढच्याच तारेचे रक्षण करतो. बॅटरी आणि फ्यूज यांमधली तार पत्र्यावर घासून उघडी पडली, तर तिला वाचवणारे काही नसते.

तारेची जाडी हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. बॅटरीपासून मागच्या काचेपर्यंत ४ मीटर तार लागते असे धरू. अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक तार वापरली, तर तिचा रोध सुमारे ०.१४ ओहम होतो. आकडा लहान वाटतो, पण त्यामुळे काचेला १२० ऐवजी ९७ वॅटच मिळतात आणि सुमारे ११ वॅट गादीखालून गेलेली तार तापवण्यात जातात. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली, तर काचेला ११५ वॅटच्या आसपास मिळतात. करोल बाग किंवा कश्मीरी गेटच्या बाजारात मिळणाऱ्या सुट्या तारेच्या भावातला फरक किरकोळ असतो. गाडीत आग लागण्याच्या शक्यतेतला फरक किरकोळ नसतो.

तुटलेली रेघ शोधण्यासाठी व्होल्टमीटर पुरतो. हीटर चालू ठेवून ऋण टोक सांगाड्याला लावावे आणि धन टोक रेघेच्या मध्यावर टेकवावे. रेघ अखंड असेल, तर तिथे सुमारे ६ व्होल्ट दिसतात, कारण रेघेच्या लांबीबरोबर विद्युतदाब समप्रमाणात उतरत जातो. १२ व्होल्ट दिसले, तर तूट सांगाड्याच्या बाजूला आहे. शून्य दिसले, तर बॅटरीच्या बाजूला. टोक सरकवत गेले की जिथे आकडा एकदम बदलतो, तिथेच तूट. चांदीयुक्त रंगाचा एक ठिपका ती सांधतो.

या रेघा का तुटतात, यालाही दिल्लीचा एक संदर्भ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचांवर काळी फिल्म चिकटवण्यावर बंदी घातली. मागच्या काचेवरची फिल्म आतल्या अंगाला, म्हणजे नेमकी रेघांवर चिकटलेली असते. ती पात्याने खरवडून काढली, तर चांदीचा काही माइक्रोमीटर जाडीचा थरही तिच्याबरोबर निघतो. फिल्म काढायची असेल, तर ती आधी ऊन वाफेने सैल करावी आणि रेघांच्या दिशेने हळूहळू सोलावी.

पिकअपचा प्रश्न

इंग्रजीत या उपकरणाला हिम काढणारे म्हणतात, कारण ते थंड देशांत घडले. दिल्लीत काचेवर हिम धरण्याचे प्रसंग विरळा. सफदरजंग वेधशाळेतील नीचांकी तापमान उणे ०.६ अंश आहे, आणि ते १६ जानेवारी १९३५ रोजी नोंदले गेले. इथे शत्रू हिम नसून श्वासाचे बाष्प आहे. त्यामुळे हे उपकरण आपल्याला लागत नाही, असे अनेक वर्षे गृहीत धरले गेले. आजही ते बहुधा महागड्या मोटारींत मिळते, आणि मालवाहू पिकअपमध्ये क्वचितच. वस्तुतः पहाटे चारला, ऐन धुक्यात, दोन-तीन माणसांनी भरलेली बंद केबिन घेऊन निघणारे वाहन हे पिकअपच असते.

इथे एक मर्यादाही सांगायला हवी. हौद मालाने भरला की मागच्या काचेतून काही दिसत नाही, मग ती कितीही स्वच्छ असो. तेव्हा भिस्त असते ती बाजूच्या काचांवर आणि आरशांवर. म्हणून मालवाहू गाडीत तापणारे आरसे मागच्या काचेइतकेच, किंबहुना अधिक उपयोगी ठरतील. रिकाम्या परतीच्या फेरीत मात्र मागची काच पुन्हा कामाची होते. या सर्वांआधी एक उपाय बिनखर्चाचा आहे. हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण अधूनमधून बंद करून बाहेरची कोरडी नसली तरी थंड हवा आत घ्यावी. थंड हवेत बाष्प मुळातच कमी असते. आत येऊन ती तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता वाढते. प्रदूषण आणि धूसर काच यांत दर वेळी एकाची निवड करावी लागते, हे दिल्लीच्या चालकाचे खरे दुर्दैव आहे.

विद्युत वाहनांनी या जुन्या उपकरणाला नवे महत्त्व आणले आहे. त्यांत इंजिनाची फुकट उष्णता नसते. केबिन तापवायची तर बॅटरीतून किलोवॅटच्या मापात शक्ती खर्च होते आणि पल्ला घटतो. अशा वेळी सगळी हवा तापवण्यापेक्षा १२० वॅटमध्ये नेमकी काच तापवणे शहाणपणाचे ठरते. जी गोष्ट एके काळी वीज नाही म्हणून अडली होती, ती आता वीज वाचवण्यासाठी हवी आहे.

हवामान विभागाच्या वर्गीकरणात दृश्यता २०० मीटरहून कमी झाली की धुके दाट आणि ५० मीटरहून कमी झाली की अतिदाट समजले जाते. वायफेक्सच्या निरीक्षणांवर आधारलेले तीन किलोमीटर सूक्ष्मतेचे प्रारूप आता अशा धुक्याचा अंदाज देते. तो अंदाज विमानतळाला वेळापत्रक बदलायला पुरेसा असतो. पिकअपच्या चालकाला मात्र अंदाज कळला तरी मंडईची वेळ गाठावी लागते. पन्नास मीटर म्हणजे ताशी ४० किलोमीटर वेगाने अवघ्या साडेचार सेकंदांचे अंतर. त्या साडेचार सेकंदांत काचेवर दुसरे धुके नसणे ही सोय वरच्या किमतीच्या मोटारीपुरती ठेवावी का, हे वाहनांची मानके ठरवणाऱ्यांनी पाहायला हवे.